चेंडू एकच आहे

बास्केटबॉल नव्याने पाहायला लागलेला माणूस पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास विचारतो : "एवढे भारी खेळाडू एकाच संघात, मग हे हरतात कसे?"

जुन्या चाहत्यांकडे याची दोन उत्तरं तयार असतात. एक गट म्हणतो, "त्यांचं आपसात जमत नाही, टीममध्ये केमिस्ट्रीच नाही." दुसरा गट म्हणतो, "केमिस्ट्री वगैरे सोडा हो, कोचला डावपेच कळत नाहीत." अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत तीस संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाला ८२ सामने खेळावे लागतात. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक निकाल लागतो आणि वाद पुन्हा पेटतो. सोमवारी कोचला काढा म्हणणारे बुधवारी त्याच्या बुद्धीची तारीफ करताना दिसतात.

हा वाद समजून घ्यायला एकच संघ पुरेसा आहे : २०१० ते २०१३ मधला मायामी हीट.

१. तीन राजे, एक गाव

८ जुलै २०१० रोजी लेब्रॉन जेम्सने टीव्हीवरच्या एका खास कार्यक्रमात जाहीर केलं की तो क्लीव्हलँड सोडून मायामीला चालला आहे. तिथे ड्वेन वेड आधीपासून होता, आणि टोरांटोहून क्रिस बॉशही येत होता. हे तिघं २००३ च्या एकाच ड्राफ्टमधले. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंना संघांनी आळीपाळीने निवडून घेण्याची दरवर्षीची पद्धत. त्यात लेब्रॉन पहिला, बॉश चौथा आणि वेड पाचवा निवडला गेला होता. क्लीव्हलँडमध्ये चाहत्यांनी लेब्रॉनच्या जर्सी जाळल्या. मायामीत दुसऱ्याच दिवशी धुराचे लोट आणि रोषणाईत जंगी स्वागत झालं. तिथे लेब्रॉन किती विजेतेपदं जिंकणार हे एक-एक करत मोजत गेला आणि सातपर्यंत पोचला. हंगामातला एकही सामना अजून झाला नव्हता.

मग सामने सुरू झाले. पहिल्याच लढतीत बोस्टनने त्यांना ८८-८० असं हरवलं. सतरा सामन्यांनंतर हिशेब होता ९ विजय, ८ पराभव. सतरावा सामना २७ नोव्हेंबरला डॅलसमध्ये झाला. त्यातल्या एका टाइमआउटला बाकाकडे परतताना लेब्रॉनचा खांदा प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्राच्या खांद्याला लागला. ते चित्र टीव्हीवर इतक्यांदा दाखवलं गेलं की भारत-पाकिस्तान सामन्यातल्या शेवटच्या चेंडूचीही एवढी चिरफाड होत नसेल. मुद्दाम मारला की चुकून लागला? चाहत्यांचे दोन तट पडले. एका तटाला तो खांदा म्हणजे केमिस्ट्री संपल्याचा पुरावा वाटला.

पुढचे बारा सामने हीटने ओळीने जिंकले.

२. बेरीज कुठे चुकते

तिघं एकत्र येण्याआधीच्या हंगामात लेब्रॉन दर सामन्याला सरासरी २९.७ गुण करत होता, वेड २६.६ आणि बॉश २४.०. बेरीज ८०.३. त्या काळी चांगला संघ सामन्याला शंभराच्या आसपास गुण करायचा, म्हणजे उरलेल्यांनी मिळून वीस गुण केले की झालं. जुलै २०१० मध्ये पुष्कळांनी हाच हिशेब मांडला होता.

क्रिकेटमध्ये असा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. तेंडुलकरने शतक ठोकलं म्हणून द्रविडच्या वाट्याचे चेंडू संपत नाहीत. बास्केटबॉलमध्ये ते संपतात.

कारण साधं आहे. मैदानात एका बाजूचे पाच जण असतात आणि चेंडू एक. संघाच्या हाती चेंडू आला की २४ सेकंदांत बास्केटवर नेम धरावा लागतो. याला आपण एक 'ताबा' म्हणू. ४८ मिनिटांच्या सामन्यात त्या काळी एका संघाला साधारण नव्वदेक ताबे मिळायचे. आता पाहा. लेब्रॉन आणि वेड आपापल्या जुन्या संघात मैदानावर असताना, शंभरातल्या साधारण तेहतीस ते पस्तीस ताब्यांचा शेवट त्यांच्याच हातून व्हायचा : नेम, फ्री थ्रो किंवा चेंडू गमावणं. बॉशच्या बाबतीत हा आकडा अठ्ठावीसच्या घरात होता. तिघांची बेरीज जवळजवळ शंभराला टेकते. उरलेल्या दोघांनी मैदानात काय नुसती हवा खायची?

तीन नामांकित आचारी एका स्वयंपाकघरात आणले आणि शेगडी मात्र एकच, असा हा प्रकार. प्रत्येकाचा हात उत्तम असला तरी जेवण तिप्पट होणार नाही. कुणाला तरी कांदा चिरायला बसावं लागेल.

तसं झालंही. पहिल्या हंगामात लेब्रॉनची सरासरी २६.७ वर आली आणि वेडची २५.५ वर. बॉशची थेट १८.७ वर घसरली. कांदा कुणी चिरला ते आकडेच सांगतात.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. लेब्रॉन असताना क्लीव्हलँडने ८२ पैकी ६१ सामने जिंकले होते. तो गेल्यानंतरच्या हंगामात १९. त्यात एकदा सलग २६ पराभव. म्हणजे एक मोठा खेळाडू काढून घेतला तर संघ कोसळतो, पण मोठ्यांच्या जोडीला आणखी एक मोठा आणला तर संघ तेवढाच वर चढेल असं नाही. २०१४ मध्ये रोडरिक स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच कल दिसला होता. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये एका मर्यादेनंतर बड्या खेळाडूंची संख्या वाढली की संघाची कामगिरी घसरते. बेसबॉलमध्ये तसं होत नाही, कारण तिथे बहुतेक काम ज्याचं त्याने एकट्याने करायचं असतं.

३. कबड्डीच्या चढाईला चार भिडू

चेंडूच्या वाटणीपेक्षा अवघड असते ती जागेची वाटणी. चाहत्यांच्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, पण ते दिसत नाही.

बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. खेळ एका वेळी त्याच्या एकाच अर्ध्यात चालतो. म्हणजे सहा-सात फुटी दहा माणसं ४७ बाय ५० फुटांत. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले. टीव्हीवर ऐसपैस वाटणारं हे मैदान प्रत्यक्षात किती भरलेलं असतं, ते त्या वेळी तिथे बसलेल्या मुंबईकरांनी पाहिलं असेल.

आता कबड्डी आठवा. चढाईपटू आत आला की बचावाची साखळी त्याच्या दिशेने सरकते आणि दुसरा कोपरा मोकळा पडतो. कबड्डीत त्याने काही बिघडत नाही, कारण चढाईपटू एकटा असतो. पण समजा, त्याला सोबत चार भिडू दिले आणि त्यातला कुणीही मोकळ्या कोपऱ्यातून गुण घेऊ शकतो असा नियम केला, तर? साखळी सरकायला घाबरेल. सरकली तर कोपरा गेला, नाही सरकली तर चढाईपटू सुटला. बास्केटबॉलची निम्मी रणनीती या पेचात आहे.

याला पैशाच्या हिशेबासारखं मांडून पाहू. समजा एखादा संघ बास्केटखालून शंभर प्रयत्न करतो आणि साठ यशस्वी होतात. दर बास्केटला २ गुण, म्हणजे १२०. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभर प्रयत्नांत अडतीस यशस्वी, तर ११४. आणि रेषेच्या जरा आतून, म्हणजे लांबूनच पण दोनच गुण देणाऱ्या जागेवरून, शंभरात चाळीस यशस्वी, तर फक्त ८०. तिसरा सौदा उघड तोट्याचा. तरी संघ तो का करतात? कारण बास्केटखालची वाट बचाव करणाऱ्यांनी अडवलेली असते. आणि ती अडवायला जास्तीचा माणूस कुठून येतो? रेषेबाहेर उभ्या असलेल्या ज्या खेळाडूची कुणाला भीती नसते, त्याला मोकळं सोडून.

आता मायामीकडे परत या. लेब्रॉन आणि वेड दोघांचं खरं हत्यार एकच : चेंडू हातात घेऊन वाऱ्यासारखं बास्केटकडे घुसणं. लांबून नेम धरण्यात तेव्हा दोघंही बेताचे होते. लेब्रॉन घुसला की वेडवर लक्ष ठेवणारा खेळाडू वेडला सोडून खुशाल वाटेत येऊन उभा राहायचा. वेड घुसला की लेब्रॉनच्या अंगावरचा माणूस तेच करायचा. एकाच्या वाटेत दुसऱ्याचा पहारेकरी. परिणामी एक जण खेळायचा आणि दुसरा तीस फुटांवर कमरेवर हात ठेवून बघत राहायचा.

प्रेक्षकाला काय दिसतं? दोन मोठे खेळाडू, एक झगडतोय, दुसरा ढिम्म उभा. "रुसलेत बहुधा एकमेकांवर." माझं म्हणणं असं की ज्याला आपण केमिस्ट्री बिघडली म्हणतो, ती पुष्कळदा अशी जागेची कोंडी असते. माणसं एकमेकांवर चिडलेली नसतात, एकमेकांच्या वाटेत आलेली असतात. अर्थात रोज वाटेत येणारी माणसं हळूहळू चिडूही लागतात. संयुक्त कुटुंबात न्हाणीघर एकच असेल तर सकाळी सात वाजता काय होतं ते आठवा.

४. मग जिव्हाळा काहीच नाही?

तसंही नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मायकेल क्राउस आणि सहकाऱ्यांनी २००८-०९ च्या हंगामातले सुरुवातीचे सामने पाहून खेळाडू एकमेकांना किती वेळा स्पर्श करतात ते मोजलं. टाळी देणं, मुठीला मूठ लावणं, पाठ थोपटणं, मिठी मारणं, सगळं. जे संघ सुरुवातीला जास्त स्पर्श करत होते, त्यांची पुढची कामगिरीही सरस निघाली. पण म्हणून उद्यापासून सगळ्यांनी दर मिनिटाला टाळ्या दिल्या तर संघ जिंकू लागेल असं त्यातून सिद्ध होत नाही. विश्वास असतो म्हणून हात पुढे येतो, की हात पुढे आल्याने विश्वास वाढतो, हे मोजणीवरून सुटत नाही.

मार्च २०११ मध्ये शिकागोविरुद्ध एका गुणाने हरल्यावर स्पोल्स्ट्राने पत्रकारांना सांगून टाकलं की ड्रेसिंग रूममध्ये काही जण रडत होते. विरोधी चाहत्यांना आयतं कोलीत मिळालं. मला मात्र त्या रडण्यात जमत नसल्याचं लक्षण कधी दिसलं नाही. ज्यांना काही पडलेलंच नसतं ते हरल्यावर फोन चाळतात.

५. सहा फुटी उत्तर

२०११ च्या अंतिम मालिकेत हीटसमोर डॅलस मॅव्हरिक्स होता. जो आधी चार सामने जिंकेल तो विजेता. अमेरिकेत रात्री होणारे हे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात, त्यामुळे इथले चाहते वाद घालतात ते पहिल्या चहाबरोबर.

दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना हीट १५ गुणांनी पुढे होता. वेडने डॅलसच्या बाकासमोर तीन गुणांचा नेम साधून तिथेच आनंद साजरा केला. डॅलस ९५-९३ ने जिंकला. केमिस्ट्रीवाल्यांनी निकाल दिला : माज नडला.

मला चौथा सामना जास्त बोलका वाटतो. तोवर मालिकेत हीट २-१ ने पुढे होता. डॅलसचे प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी सुरुवातीच्या पाचांत होजे हुआन बारेआला घेतलं. जेमतेम सहा फुटांचा खेळाडू, या धिप्पाडांच्या खेळात अगदीच चिमुकला. त्याच्या वेगाने हीटची साखळी सारखी सरकत राहिली आणि कोपरे उघडे पडत गेले. बचावात डॅलस अधूनमधून 'झोन' लावायचा, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायचा. घुसायला वाटच नाही. त्या सामन्यात लेब्रॉनच्या नावावर फक्त ८ गुण लागले. बारेआ सुरुवातीपासून खेळू लागल्यावरचे तिन्ही सामने डॅलसने जिंकले आणि मालिका ४-२ ने खिशात घातली.

६. एसटीतल्या प्रवाशाचं श्रेय

चाहत्यांच्या वादात आता एक आकडा सारखा येतो : प्लस-मायनस. समजायला अगदी सोपा. एखादा खेळाडू सहा मिनिटं मैदानात होता, त्या वेळात त्याच्या संघाने १४ गुण केले आणि ९ दिले, तर त्याचा आकडा अधिक ५. त्याने स्वतः एकही गुण केला नसला तरी.

यातली गोम उघड आहे. वेळेवर पोचलेल्या एसटीत बसलेल्या प्रत्येक प्रवाशाला शाबासकी द्यावी, तसं हे. लेब्रॉनच्या शेजारी उभं राहिलं तरी अधिक पाच मिळतात. एका सामन्याचा प्लस-मायनस दाखवून कुणी वाद जिंकू पाहत असेल तर दुर्लक्ष करावं. पण शेकडो सामन्यांत, वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर, तोच माणूस चढला की एसटी वेळेवर पोचते असं दिसत राहिलं, तर मग त्या माणसाकडे नीट पाहावं लागतं.

शेन बॅटिए हा असा माणूस. तो ह्यूस्टनमध्ये असताना, २००९ साली, मायकेल लुईस यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात त्याच्यावर मोठा लेख लिहिला होता. गुण कमी, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) कमी, पण तो मैदानात असला की संघ सुधारतो. २०११ च्या पराभवानंतर हीटने ज्याला घेतलं तो हाच बॅटिए. एवढ्या तारांगणात चौथा तारा आणायच्या ऐवजी त्यांनी कोपऱ्यात उभा राहणारा माणूस आणला.

७. दुखापतीतून निघालेला डाव

२०१२ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीच्या मालिकांमध्ये, इंडियानाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात बॉशच्या पोटाचा स्नायू दुखावला. पुढचे दोन सामने हीट हरला. चाहत्यांत हाहाकार. स्पोल्स्ट्राकडे उंच माणसंच उरली नव्हती, म्हणून त्याने बॅटिएला मोठ्या माणसाच्या जागी खेळवलं. बॅटिए रेषेबाहेर उभा राहून तीन गुणांचा नेम धरणारा असल्यामुळे त्याच्यावरच्या बचावपटूलाही बास्केटपासून दूर जावं लागलं. लेब्रॉनची वाट आपोआप मोकळी झाली.

बॉश परतला तेव्हा त्याला जुनी जागा मिळाली नाही. अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यापासून तो 'सेंटर' म्हणून सुरुवात करू लागला, म्हणजे संघातल्या सर्वांत धिप्पाड माणसाच्या जागी. बॉश उंच असला तरी अंगाने सडपातळ. रोज आपल्याहून दणकट माणसांशी धक्काबुक्की करायची, आणि आपल्या संघाकडे चेंडू असताना मात्र बास्केटपासून लांब जाऊन उभं राहायचं, म्हणजे दुसऱ्यांना जागा होईल. टोरांटोत हा माणूस राजा होता.

बाकीच्यांनीही सोडलं. २०११ च्या उन्हाळ्यात लेब्रॉनने जुना दिग्गज हकीम ओलाजुवॉनकडे जाऊन बास्केटकडे पाठ करून खेळण्याचे डाव शिकून घेतले. पुढारपण लेब्रॉनकडे सोपवल्याचं वेडने नंतर जाहीरपणे सांगितलं. त्याची सरासरी २२.१ वर आली. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या अंतिम मालिकेत बॅटिएने २६ पैकी १५ लांबचे नेम साधले. हीटने ती मालिका ४-१ ने जिंकली.

पुढच्या हंगामात नेमबाज रे ॲलन आला. त्या वर्षी हीटने सलग २७ सामने जिंकले. तेव्हा सगळेच म्हणू लागले, काय केमिस्ट्री आहे यांच्यात!

८. अठ्ठावीस सेकंद

१८ जून २०१३. अंतिम मालिकेचा सहावा सामना. सॅन अँटोनियो स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे, आणि या सामन्यातही २८ सेकंद उरलेले असताना ९४-८९ असा पुढे. बक्षीस समारंभासाठी मैदानाभोवती पिवळा दोर लावायची तयारी सुरू झाली. मायामीचे काही चाहते उठून बाहेर पडले, ज्यांना पुन्हा आत येता आलं नाही.

स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी बचावाच्या वेळी आपला उंच, अनुभवी टिम डंकन याला बाकावर बसवलं. चाहते यावर अजून भांडतात. पॉपोविचचा हिशेब चुकीचा नव्हता. हीटला तीन गुण हवे होते, म्हणजे रेषेवर धावू शकणारे चपळ पाय हवेत, आणि डंकन ३७ वर्षांचा. पण हुकलेला चेंडू उडाला की तो पकडायला उंच हात लागतात. पहिल्या वेळी लेब्रॉनचा नेम हुकला, चेंडू हीटनेच परत मिळवला आणि लेब्रॉनने तीन गुण घेतले. स्पर्सने एका फ्री थ्रोची भर घातली, ९५-९२. डंकन पुन्हा बाकावर. लेब्रॉनचा नेम पुन्हा हुकला. त्या गर्दीत रिबाउंड घेतला क्रिस बॉशने. त्याने उजव्या कोपऱ्यात मागे सरकत जाणाऱ्या ॲलनकडे चेंडू दिला. पाच सेकंद उरलेले. ९५-९५.

हा डाव कुणी फळ्यावर काढलेला नव्हता. पण ॲलन वर्षानुवर्षं न बघता उलटं धावत कोपरा गाठायचा सराव करत आला होता, आणि तो तिथे असणार हे बॉशला ठाऊक होतं. याला केमिस्ट्री म्हणा, डावपेच म्हणा.

जादा वेळेत हीट १०३-१०० ने जिंकला. शेवटच्या क्षणी डॅनी ग्रीनचा तीन गुणांचा नेम हातानेच परतवला तोही बॉशने.

दोन दिवसांनी सातवा, निर्णायक सामना. हीट ९५, स्पर्स ८८. लेब्रॉनचे ३७ गुण, वेडचे २३, बॅटिएचे १८, आणि त्यांचे सोबती चाल्मर्सचे १४, अँडरसनचे ३. बेरीज करून पाहा, ९५ पुरे होतात. विजेत्या संघाच्या त्या तक्त्यात बॉशच्या नावापुढे शून्य आहे.